शैलवासी आणि वनवासी : पिंपळगाव राजाचे दोन कस्तूर

वऱ्हाडच्या प्रवासास निघालेल्या कुटुंबांची पावले बहुधा शेगावच्या समाधिमंदिराकडे, नाहीतर लोणारच्या विवराकडे वळतात. मुंबईहून नागपूरकडे जाणारी आगगाडी मलकापूर सोडून नांदुऱ्यास येते. तेथे उतरून दक्षिणेची वाट धरणारा प्रवासी मात्र विरळाच. ही वाट बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा या गावी जाते. गाव जुने आहे. भोवती कापूस, तूर, सोयाबीन आणि हरभरा पिकविणारी काळी जमीन आहे. तेथे मुद्दाम जाऊन पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारल्यास आम्ही सांगू की, या मुलखात हिवाळ्याच्या आगेमागे दोन पाहुणे येतात. दोघेही हिमालयातून येतात, दोघेही एकाच घराण्यातले आहेत, आणि तरीही ते एका पंक्तीस कधी बसत नाहीत.

हे पाहुणे म्हणजे कस्तूर पक्ष्याच्या दोन जाती होत. कस्तूर म्हटला म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या वाचकांस पावसाळी पहाटे ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालणारा काळानिळा गवई आठवेल. आमचे पाहुणे तो नव्हेत. यांतील पहिला निळा शैलकस्तूर; दुसऱ्यास, त्याच्या मस्तकावरील रंगावरून, आपण निळटोपी कस्तूर म्हणू. शास्त्रज्ञांनी दोघांच्या कुळास 'मोंटिकोला', म्हणजे पर्वतवासी, असे एकच नाव दिले आहे. पहिल्याचे पाळण्यातले नाव 'सोलिटेरियस', म्हणजे एकाकी. दुसऱ्याचे 'सिंक्लोरिंका', म्हणजे 'सिंक्लस' नामक पाणपक्ष्यासारखी चोच असलेला.

दोघांची भेट एकाच सहलीत घडावी, अशी या गावाची ठेवण आहे. जुन्या वऱ्हाडी वहिवाटीत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सपाट मुलखास पायनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील उंच प्रदेशास बालाघाट म्हणत. पिंपळगाव राजा पायनघाटात आहे खरे. परंतु गावाच्या दक्षिणेस बालाघाटाचे डोंगर आहेत, आणि त्या डोंगरांतून ज्ञानगंगा नदी उतरून पूर्णेकडे जाते. खामगाव व बुलढाणा यांच्या दरम्यानचे तिच्या नावाचे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचा विस्तार सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. साग, अंजन, सालई, धावडा आणि पळस ही तेथील झाडे. म्हणजे एका बाजूस माणसांनी रचलेला दगड आणि दुसऱ्या बाजूस झाडांनी अंथरलेला पाचोळा, आणि दोहोंमध्ये थोड्याच वेळाची वाट. आपल्या दोन नातलगांचे वेगळेपण कळण्यास याहून सोयीची जागा आम्हांस ठाऊक नाही.

आम्ही गेलो ते शिमगा उलटून चार-सहा दिवस झाल्यावर. पाहुणे परत फिरण्याच्या बेतात असतात असा हा काळ. ज्या घरी आमचा मुक्काम होता ते तीन भावांचे एकत्र घर होते. वडीलकी ऐंशीच्या घरातल्या अप्पांकडे, आणि स्वयंपाकघराचा कारभार माईंकडे. परसात एक चिरेबंदी विहीर आणि तिच्या पलीकडे अर्धीअधिक ढासळलेली दगडी भिंत. सकाळी दात घासावयास बाहेर पडावे तो त्या भिंतीच्या टोकावर आपला पहिला पाहुणा बसलेला.

निळा शैलकस्तूर बुलबुलाहून किंचित मोठा, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २२ सेंटिमीटर लांब असतो. नराचा सर्वांग रंग एकच : शाईची दौत पाण्याने विसळावी तसा करडेपणाकडे झुकणारा निळा, पंख आणि शेपटी अधिक काळपट. ऊन पडले तर निळा, ढग आले तर जवळजवळ काळा. मादी वरून धुरकट करडी, तीवर निळ्याची अगदी पुसट झाक, आणि पोटाकडील पिवळट रंगावर बारीक आडव्या रेघा. हा पक्षी छाती पुढे काढून, ताठ आणि उघड्यावर बसतो. मधूनच नमस्कार केल्याप्रमाणे झुकतो, शेपटी हलवितो, खाली झेपावून एखादा भुंगा, नाकतोडा किंवा पाल उचलतो आणि पुन्हा त्याच दगडावर येऊन बसतो. कडे, किल्ले, जुनी देवळे, दगडाच्या खाणी, पडके वाडे ही त्याची हिवाळ्यातली बिऱ्हाडे. प्रत्येक पक्ष्याचे बिऱ्हाड स्वतंत्र असते, आणि तेथे तो दुसऱ्या शैलकस्तुरास थारा देत नाही, मग तो नर असो वा मादी. त्याच ठिकाणी वर्षानुवर्षे परत येण्याचीही त्याची ख्याती आहे.

घरचा सालदार या विषयात आम्हांस ग्रंथाप्रमाणे उपयोगी पडला. तो म्हणाला, "हे पाखरू दिवाळीच्या आगेमागे येते जी, अन् होळीलोक राह्यते. एकलंच राह्यते. दुसऱ्याले त्या भितीवर टेकू देत नाही." शास्त्रीय पुस्तकांतील दोन पानांचा मजकूर या तीन वाक्यांत आला होता. माईंनी त्या पक्ष्यास 'एकलकोंडा' असे नाव ठेवले होते. भरल्या घरात ज्यास कोणाशी बोलावेसे वाटत नाही अशा माणसाबद्दल जी एक कणव असते, तीच त्या नावात आम्हांस ऐकू आली. परंतु त्या दिवशी उन्हे वर येण्यापूर्वी तो एकलकोंडा गळ्यातल्या गळ्यात, अगदी मंद स्वरात गाऊ लागला. हिवाळाभर हा पक्षी बहुतांशी मुका असतो. मुलूख सोडण्याची वेळ जवळ आली म्हणजे त्याचा गळा मोकळा होऊ लागतो.

दुसऱ्या पाहुण्याची भेट इतकी स्वस्त नाही. निळटोपी कस्तूर गावात येत नाही, भिंतीवर बसत नाही. त्याचे हिवाळ्यातले मुख्य वसतिस्थान म्हणजे पश्चिम घाटातील सावलीची राने, आणि आणखी दक्षिणेकडे केरळ-कर्नाटकातील कॉफीचे मळेही. मध्य भारत आणि दख्खन यांतून तो प्रामुख्याने जातायेता, म्हणजे शरदाच्या अखेरीस आणि वसंताच्या आरंभी, मुक्काम करीत जातो. त्यास गाठावयाचे तर रानात, तेही ओढ्याच्या आश्रयाने जेथे सावली टिकून आहे तेथे, गेले पाहिजे.

डोंगराच्या पायथ्याशी सागाची पाने गळून पायाखाली पापडासारखी मोडत होती. पळस मात्र फुलांनी पेटल्यासारखे दिसत होते. एका कोरड्या ओढ्याच्या वळणावर आम्ही पाऊण तास न बोलता बसलो. प्रथम कानास कळले : पाचोळ्यात कोणीतरी पाने उलटीत होते. मग एक लहानसा पक्षी जमिनीवरून उडून मधल्या फांदीवर बसला आणि चित्रासारखा निश्चल झाला. उडताना त्याच्या पंखावर पांढरा ठिपका लखकन चमकला. एवढ्या खुणेवरून नराची ओळख पटावी. मस्तक व गळा झळझळीत निळा, डोळ्यांवरून काळी पट्टी, पाठ काळसर. परंतु छाती, पोट आणि कमरेचा भाग भाजलेल्या विटेच्या रंगाचा. आकाराने तो बुलबुलाहून लहान, सुमारे १७ सेंटिमीटर. धाकट्या भावास सणासुदीचे कपडे घालावेत आणि थोरल्याने साध्या निळ्या सदऱ्यावर भागवावे, तसा हा प्रकार. गंमत अशी की, साध्या कपड्यांतला थोरला चारचौघांत मिरवितो आणि नटलेला धाकटा झाडाआड लपतो.

नरांच्या बाबतीत येणेप्रमाणे घोटाळ्यास जागा नाही. अडचण येते ती माद्यांची. दोघींचेही पोट रेघांनी किंवा खवल्यांनी भरलेले, दोघींचीही पाठ मळकट. बारकाईने पाहिल्यास शैलकस्तुराच्या मादीच्या पाठीवर करडा-निळा भास आढळतो, आणि निळटोपीच्या मादीची पाठ निळ्याचा अंशही नसलेली, हिरवट तपकिरी असते. शिवाय हिच्या पांढुरक्या छातीवरील खवले अधिक ठळक असतात. परंतु झाडाच्या सावलीत, पन्नास पावलांवरून, असल्या छटांवर निवाडा देणे धोक्याचे होय. म्हणून जाणत्यांचा सल्ला असा की, पक्ष्याचा रंग विचारण्यापूर्वी त्याची बैठक विचारावी. उघड्या दगडावर ताठ बसला आहे काय? तर शैलकस्तूर. सावलीतल्या फांदीवर जवळजवळ आडवा, हालचाल न करता बसला आहे, आणि खाली उतरून पाने उलटतो आहे काय? तर निळटोपी.

रंग किती फसवा याचा आणखी एक दाखला देतो. निळा शैलकस्तूर स्पेनपासून जपानपर्यंत पसरलेला आहे. माल्टा बेटाने त्यास आपला राष्ट्रीय पक्षी मानले आहे. परंतु जपानच्या समुद्रकिनाऱ्यावर याच जातीचा जो नर खडकावर बसून गातो, त्याचे पोट आपल्या निळटोपीप्रमाणे तांबूस विटकरी असते! रंगाने तो निळटोपीच्या जवळ गेला. बैठकीने मात्र तो शैलकस्तूरच राहिला. एकाच जातीत वस्त्र बदलते, स्वभाव बदलत नाही. तेव्हा ओळख पटविण्यास स्वभाव हाच अधिक विश्वासू साक्षीदार.

या दोघांच्या नामकरणाची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची लोकसंख्या, जमीन, पिके यांची माहिती गोळा करीत हिंडत होता. ते करता करता त्याने पक्षीही जमविले, आणि १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी सादर केली. तीत दख्खनच्या घाटांतील शैलकस्तुरास त्याने नाव दिले 'पांडू'. हा शब्द लॅटिन नव्हे, ग्रीकही नव्हे; तो कोणाच्या तोंडचा असावा हे मराठी वाचकांस सांगावयास नको. युरोपातील शैलकस्तुरास लिनियसने १७५८ सालीच नाव दिले असल्यामुळे पुढे आपला पक्षी त्याचीच एक उपजात ठरला. तरीही 'मोंटिकोला सोलिटेरियस पांडू' हे नाव आज जगभरच्या पक्षिशास्त्रात चालू आहे. निळटोपीस त्याच सुमारास, त्याच लंडनच्या संस्थेत, निकोलस विगर्झ या विद्वानाने नाव दिले. परंतु त्याच्या हाती आलेला नमुना हिमालयातला होता. म्हणजे एका भावाचे बारसे हिवाळी बिऱ्हाडावरून झाले आणि दुसऱ्याचे मूळ घरावरून. वस्तुतः उन्हाळ्यात दोघेही हिमालयातच असतात. तेथेही थोरला खडकांच्या कपारीत घरटे बांधतो आणि धाकटा चीड व ओक यांच्या विरळ रानांतील उतारांवर, मुळांच्या अथवा दगडांच्या आडोशास.

अलीकडे या कुटुंबाचे गोत्रही बदलले आहे. पूर्वी या दोघांस खऱ्या कस्तुरांच्या कुळात गणीत. पेशींतील डीएनए तपासून नाते ठरविण्याची विद्या आल्यावर असे आढळले की, ते माशीमार पक्ष्यांच्या कुळाचे असून दयाळ आणि चीरक यांचे ते अधिक जवळचे आप्त आहेत. त्याच पडक्या भिंतीच्या भोकांत चीरकाची जोडी बारमाही राहते. शैलकस्तूर आपल्या भाऊबंदांच्याच वाड्यात हिवाळ्यापुरता उतरतो, असे आता म्हणता येईल. गोत्र बदलले तरी आपल्या दोन पाहुण्यांचे आपसांतील नाते सुटले नाही; दोघेही 'मोंटिकोला'च राहिले.

आता ज्या गोष्टीमुळे हे सारे लिहावयास घेतले ती सांगतो. आमच्या मुक्कामात त्या घरी एक विषय निघाला होता. परसातली पडकी भिंत अक्षय्यतृतीयेपूर्वी पाडून तेथे सिमेंटच्या दोन खोल्या बांधावयाच्या, कारण नातसून येणार. त्यावर घरातील शाळकरी मुलामुलींनी मोठा आकांत मांडला : दिवाळीत पाखरू येईल आणि भिंत नसेल, तर ते कोठे बसणार? अप्पा पेचात पडले. नातवंडांचे मन मोडवेना आणि लग्न तर पुढे ढकलता येईना. अखेर त्यांनी आम्हांस विचारले, "तुम्ही याचा अभ्यास केला आहे, तुम्हीच सांगा, त्या पाखराचे काही वाईट होईल काय?"

आम्ही जे सांगितले ते मुलांस प्रथम आवडले नाही. शैलकस्तुरास दगड प्रिय खरा. परंतु तो दगडावाचून अडून बसत नाही. गच्चीचा कठडा, उंच इमारतीची कड, पुलाची भिंत यांवरही तो ठाण मांडतो. शहरांतही तो दृष्टीस पडतो. खोल्या झाल्या तर त्यांच्या कठड्यावर येऊन बसेल, आणि विहीर राहिली तर तिच्या काठावर बसेल. पडके दगड एका कोपऱ्यात रचून ठेविले तर उत्तमच. चीरकासही आसरा होईल. जगात या दोन्ही जातींची संख्या आज चिंताजनक नाही, हेही खरे.

परंतु याच वेळी अप्पांनी सालदारास सांगितलेली दुसरी एक गोष्ट आमच्या कानांवर आली होती : डोंगराकडच्या शेताचे धुरे येत्या आठवड्यात पेटवून द्यावयाचे. शेताच्या बांधास वऱ्हाडात धुरा म्हणतात, हे इतर प्रांतीय वाचकांसाठी सांगितले पाहिजे. उन्हाळ्याच्या तोंडी धुऱ्यावरील वाळके गवत जाळून शेत साफ करण्याची रीत जुनी आहे. तो विस्तव वाऱ्याबरोबर रानात शिरतो. त्याच दिवसांत मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूस नवी कोवळी पालवी लवकर यावी म्हणूनही आग लावतात. वनखाते जाळरेषा काढते, पहारे ठेवते. तरी पानगळीच्या रानात एक ठिणगी पुरते. मोठे वृक्ष बहुधा वाचतात, चार सरी पडल्या की रान पुन्हा हिरवे दिसते, आणि पाहणाऱ्यास वाटते की काहीच गेले नाही. जाते ते भूमीवरचे अंथरूण : पाचोळा, त्याखालचा ओलावा, त्यात वाढणारे किडे, कोळी, अळ्या. निळटोपीचे ताट तेच. परतीच्या हजार-बाराशे किलोमीटरांच्या उड्डाणासाठी अंगात चरबी साठविण्याचे त्याचे दिवस आणि आपले जाळण्याचे दिवस नेमके एकच. गच्चीच्या कठड्यावर पाचोळा नसतो. म्हणून त्यास थोरल्या भावाप्रमाणे दुसरे बिऱ्हाड शोधता येत नाही.

२०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या रानातून 'सी-१' या नावाने नोंदलेला एक तरुण वाघ, गळ्यात संदेश देणारा पट्टा घेऊन, सुमारे १३०० किलोमीटर चालत ज्ञानगंगेच्या रानात आला. देशभरच्या वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. आपला निळटोपी तळहातावर मावेल एवढा; त्याचे वजन वाघाच्या एका दाताशी तोलावे लागेल. तोही जवळपास तेवढेच अंतर दरवर्षी दोनदा तोडतो. त्याच्या गळ्यात पट्टा नाही, म्हणून त्याच्या मुक्कामाचे काय झाले हे कोणासही कळत नाही.

अप्पांनी हे सर्व ऐकून घेतले. ते काही वेळ सुपारी कातरीत बसले. मग म्हणाले, "जे पाखरू रोज डोळ्यांपुढे बसते त्याची काळजी साऱ्या घराला, आणि जे कोणी पाहिलेच नाही त्याचे ताट आपण जाळतो, असाच याचा अर्थ ना?" आम्ही होय म्हटले. त्यांनी सालदारास बोलावून सांगितले की, डोंगराकडचा धुरा या वर्षी पेटवावयाचा नाही. गवत विळ्याने कापून गुरांना घालावे किंवा खताच्या खड्ड्यात टाकावे. मजुरी वाढेल, अशी कुरकूर मधल्या चिरंजिवांनी केली. ती रास्तही होती, कारण तीन दिवसांचे काम काड्याच्या पेटीने एका तासात होते. माईंनी ती मोडून काढली. त्या म्हणाल्या, "दारी आलेल्याला जेवू घालतोच आपण. हा दारापर्यंत येत नाही, एवढाच त्याचा दोष."

भिंत पुढे पाडली गेली असेल. लग्न तर ठरल्याप्रमाणे झालेच. मुलांस आम्ही एक वही आखून दिली. तीत चारच रकाने आहेत : पक्षी कोणता, तारीख, जागा, आणि तो कशावर बसला होता. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी मुले आहेत आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणे होते, त्यांनीही अशी वही करावी. पहिला पाहुणा गच्चीवरून, सायास न पडता, नोंदविता येईल. दुसऱ्याची नोंद कदाचित पाच वर्षांतून एकदा होईल. तो रकाना रिकामा असला तरी वही पुरी झाली असे समजू नये. आणि रानालगत ज्यांची शेते आहेत त्यांनी धुऱ्यास काडी लावण्यापूर्वी त्या रिकाम्या रकान्याकडे एकदा पाहावे.